भिंतीपासून दोन इंच

आमच्या घरी तीन पिढ्या सागवानाचं काम. बल्लारशाच्या डेपोतून माल आणायचा, दारं-चौकटी करायच्या. बाबांची कसोटी एकच, जोडात पोस्टकार्ड शिरता कामा नये. म्हणून एका हॉलमध्ये बास्केटबॉलच्या लाकडी कोर्टाचं काम मिळालं आणि सुपरवायझर म्हणाला, "मिस्त्री, चारही भिंतींपासून दोन इंच सोडा," तेव्हा मला ते चक्क ओंगळ वाटलं.

लाकूड मेपलचं, परदेशातून आलेलं. गोरंपान, सागवानापेक्षा टणक, तेलाचा वास नाही. पण लाकडाची पाळी सगळ्यात शेवटी. आधी सिमेंटचा कोबा, दहा फुटांत एक सुतापेक्षा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापेक्षा, जास्त खालीवर चालत नाही. त्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवला. सकाळी आतून थेंब दिसले, म्हणून कोबा सुकेपर्यंत काम थांबलं. मग सगळीकडे प्लास्टिकचा कागद, त्यावर रबराच्या गुटल्या, त्यांवर प्लायवूडचे दोन थर, वरचा खालच्याला आडवा. खेळाडू उडी मारून उतरला की दाब त्या गुटल्या घेतात, गुडघे वाचतात. तरी फरशी गादीसारखी मऊ नको. चेंडू सिमेंटवर उसळतो त्याच्या निदान नव्वद टक्के उसळायलाच हवा.

पट्ट्या सव्वादोन इंच रुंद, नर-मादीच्या जोडाच्या, म्हणजे एकीची जीभ (नर) शेजारचीच्या खाचेत (मादी) बसते. गठ्ठे सोडून काही दिवस हॉलमध्येच ठेवले, तिथली हवा लागू दिली. खिळा नराच्या बगलेतून तिरपा मारायचा, पुढची पट्टी बसली की टोपी दिसत नाही. हे काम मला फार आवडलं. पुढे मशीनने घासणं, सीलर, रेषांचा रंग, मग वरचं फिनिश.

स्टोअररूमच्या बाजूची फट मात्र मला बघवेना. तिथे कोण बघतंय, म्हणून मी पाचरी ठोकून ती बुजवली, वर स्कर्टिंग बसवलं. सुपरवायझरला बोललो नाही.

ऑगस्टमध्ये फोन आला. आठवडाभर झड लागलेली, खिडक्या उघड्या. त्या बाजूला फरशी उचलून पोळीसारखी फुगली होती, पाय टाकला की टकटक वाजायची. नंतर हिशेब केला. लाकूड लांबीत हलत नाही म्हटलं तरी चालेल, हलतं रुंदीत. कोर्ट 15 मीटर रुंद, म्हणजे अडीचशेवर पट्ट्या. एकेक पाव मिलिमीटर फुगली तरी सगळ्या मिळून दोन इंचांच्या वर जातात. पाचरी इतक्या आवळल्या होत्या की फोडून काढाव्या लागल्या. आठ ओळी उखडून पुन्हा बसवल्या, माझ्या खर्चाने.

बाबांना सांगितलं, तर ते हसलेच. "दार फुगलं तं काढून रंदा मारता येते. ह्याले कोठून काढशीन?"

आता त्या हॉलकडे गेलो की आधी भिंतीच्या कडेने फिरतो. स्कर्टिंगच्या मागून हवेला वाट ठेवलेली असते, आणि पोट्टे नेमके तिथेच चिप्सचे पुडके कोंबतात. गेल्या खेपेला अकरा निघाले.