पेशंट सांभाळायचं काम घेण्याआधी

पुण्या-मुंबईत म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम मिळतं ते ब्युरोतून (म्हणजे घरोघरी माणसं पुरवणारी एजन्सी), नाहीतर ओळखीतून. नवख्या बाईला ब्युरो बरा, एक घर सुटलं तर दुसरं लवकर मिळतं. फक्त कमिशन किती, ते रोज कापणार की महिन्याला, हे आधी विचारा. समजा घरचे दिवसाचे 900 देतात आणि हातात 700 पडतात, तर 26 दिवसांत 5,200 रुपये गेले. आधारची झेरॉक्स द्या, मूळ कार्ड नाही. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला स्वतःच काढून ठेवलेला बरा. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे पेशंटची देखभाल शिकवणारा कोर्स करायचा तर हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष हात चालवायला देणाराच बघा.

खरी गोची फोनवर होते. ‘आजोबांना नुसती सोबत हवी’ म्हणतात, आणि गेल्यावर आजोबा अंथरुणाला खिळलेले! म्हणून होकाराआधी विचारायचंच: वजन किती? स्वतः उठतात का? डायपर आहे का? नाकात नळी, लघवीची पिशवी, पाठीला जखम? रात्री किती वेळा उठतात? माणूस 80 किलोचा, उचलायला दुसरं कोणी नाही, तर दर कितीही चांगला असो, महिनाभरात तुमची कंबर जाते. चोवीस तासांच्या ड्युटीत सलग झोप किती, जेवण कुणाचं, सुट्टीला बदली कोण देणार, खाड्याचे पैसे कसे कापणार, हेही त्याच फोनवर.

पहिल्या दिवशी घरचे हातांकडे बघत असतात. लकव्याच्या पेशंटला सदरा घालताना आधी अधू हात, काढताना आधी चांगला. पलंगावरून खुर्चीत बसवताना खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला लावायची, व्हीलचेअर असेल तर ब्रेक लावून. दंडाला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. झोपून असणाऱ्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. टाचा आणि माकडहाड रोज बघायचं. लाली दाबूनही फिकी होत नसेल तर जखमेची सुरुवात आहे, तिथे चोळू नका. (जुन्या बायका चोळायला सांगतात, तरीही नाही.) नळीतून भरवताना पाठ निदान 30 अंश वर, आणि भरवून झाल्यावर अर्धा-एक तास तशीच; लगेच आडवं केलं तर अन्न छातीत जाऊ शकतं. लघवीची पिशवी कायम कमरेच्या उंचीपेक्षा खाली, पण जमिनीला टेकलेली नको.

इंजेक्शन, नळी बसवणं, गोळीचा डोस ठरवणं हे आपलं काम नाही. ‘एवढं द्या हो मावशी’ म्हटलं तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीबाहेर काही नाही. एक वही ठेवा: किती वाजता काय खाल्लं, लघवी-संडास, कूस कधी बदलली, कुठे लाली. बदलीवाली आली की तिच्यासमोर जखमा बघून वहीत सही घ्यायची.