मराठी मूकवाचनाचा वेग: मोजणी पक्की, सरावाचा आराखडा नवा

मनातल्या मनात मराठी वाचण्याचा वेग मोजायचा आणि वाढवायचा, त्या सरावाच्या या टप्प्यातला सर्वांत मोठा बदल एककाचा आहे. ‘मिनिटाला किती शब्द’ ही मोजणी बंद करून ‘मिनिटाला किती अक्षरे’ ही धरली आहे. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘शाळेतल्यांसाठीसुद्धा’ हा आठ अक्षरांचा एक शब्द, आणि ‘तो’ हाही एक शब्द. त्यामुळे संवादांनी भरलेली कथा आणि अग्रलेख यांची शब्दांत तुलना केली की कथेचा वेग फुगलेला दिसतो. मार्क ब्रिसबेअर्ट यांनी २०१९ मध्ये अनेक जुन्या अभ्यासांची एकत्रित मोजणी करून प्रौढांच्या इंग्रजी मूकवाचनाचा सरासरी वेग काढला. ललितेतर मजकुरासाठी तो मिनिटाला २३८ शब्द आहे, ललित मजकुरासाठी २६०. हे आकडे मराठीला लावून स्वतःला मंद ठरवू नका.

मोजणी अशी. छापील उताऱ्यातल्या दहा पूर्ण ओळींची अक्षरे हाताने मोजा आणि सरासरी काढा. जोडाक्षर एकच धरायचे, काना-मात्रा वेगळ्या धरायच्या नाहीत. समजा ओळीला २४ अक्षरे आणि उतारा ५५ ओळींचा, म्हणजे १३२० अक्षरे. वाचायला २ मिनिटे २४ सेकंद लागली तर वेग मिनिटाला ५५० अक्षरे. संगणकाच्या मोजणीवर विसंबू नका. संगणक अक्षरे ज्या युनिकोड पद्धतीने साठवतो तीत ‘क्षि’ या एका अक्षराचे चार संकेतांक होतात, आणि जोडाक्षरे जास्त असलेला उतारा आहे त्यापेक्षा लांब दिसतो.

वेगाच्या शेजारी आकलनाचा आकडा नसेल तर ती नोंद वहीत घ्यायचीच नाही. उताऱ्यावर दहा प्रश्न: सहा मुख्य मुद्दा आणि अर्थ लावण्याचे, चार तपशिलाचे. प्रश्न दुसऱ्या कोणीतरी काढलेले हवेत आणि उत्तरे उतारा झाकून लिहायची. दहापैकी सात-आठ बरोबर आली तर वेग योग्य. दहाच्या दहा वारंवार येत असतील तर मजकूर सोपा आहे किंवा थोडे वेगाने वाचायला वाव आहे. सहा किंवा कमी आले तर तो वेग खोडून टाका.

सगळ्यात दुर्लक्षित राहते ती प्रश्नांची परीक्षा. उतारा न वाचलेल्या माणसाला आधी तेच प्रश्न द्या. सामान्यज्ञानावर त्याची चार-पाच उत्तरे बरोबर आली तर तो संच टाकून द्यावा. अमेरिकेत वेगवाचनाच्या एका गाजलेल्या अभ्यासक्रमाचे यश ज्या चाचणीवर मोजले होते, ती रोनाल्ड कार्व्हर यांनी मजकूर न वाचलेल्यांना दिली, तेव्हा त्यांचीही निम्म्याहून जास्त उत्तरे बरोबर आली. वेगवाचनाचे कितीतरी दावे इथेच कोसळतात, म्हणून ही पायरी टाळू नका.

आता डोळ्यांबद्दल. नजर ओळीवरून सरकत नाही, उड्या मारत जाते; हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांतून पुढे आले. इंग्रजी वाचताना नजर एका जागी साधारण २०० ते २५० मिलिसेकंद थांबते, पुढची उडी सात ते नऊ अक्षरांची असते, आणि दहा-पंधरा टक्के उड्या मागे जातात. जॉर्ज मकॉन्की आणि कीथ रेनर यांनी १९७५ मध्ये पडद्यावर नजरेबरोबर सरकणारी खिडकी वापरून (तिच्याबाहेरचा मजकूर झाकलेला) दाखवले की उपयोगी मजकुराचा पल्ला उजवीकडे चौदा-पंधरा अक्षरांपलीकडे जात नाही, आणि अक्षरे नेमकी ओळखू येतात ती त्याहून बरीच जवळची. हे रोमन लिपीचे आकडे आहेत, देवनागरीला जसेच्या तसे लागू करू नयेत. पण कारण सगळ्यांना सारखे: दृष्टिपटलाचा तीक्ष्ण भाग फार लहान असतो. ‘एका नजरेत अख्खी ओळ’ हा व्यायाम म्हणूनच सरावातून काढून टाकला आहे. पल्ला डोळ्यांच्या व्यायामाने वाढत नाही. शब्द ओळखीचे झाले की थांबण्याचा वेळ कमी होतो, आणि वेग तिथून मिळतो.

एकेक शब्द पडद्याच्या मध्यभागी झळकवणारी अ‍ॅपही बाद. मिनिटाला ५०० शब्दांच्या वेगाने प्रत्येक शब्दाला १२० मिलिसेकंद मिळतात, आणि बहुतेक अ‍ॅप ‘तो’ला आणि ‘शाळेतल्यांसाठीसुद्धा’ला जवळपास सारखाच वेळ देतात. शिवाय मागे वळायची सोय नाही. एलिझाबेथ शॉटर, रँडी ट्रॅन आणि कीथ रेनर यांनी २०१४ मध्ये वाचून झालेले शब्द झाकत नेले, तर आकलन घसरले. मागे जाणारी नजर बहुतेकदा चुकलेला अर्थ दुरुस्त करत असते. म्हणून वाचलेल्या ओळी पुठ्ठ्याने झाकू नका. लक्ष भरकटत असेल तर पुठ्ठा चालू ओळीच्या खाली धरा.

मनातल्या मनात होणारा उच्चार दाबायचा का, हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. दाबू नका. हार्डिक आणि पेट्रिनोविच यांनी १९७० मध्ये घशाच्या स्नायूंची हालचाल मोजून हा उच्चार बंद करायला लावला, तेव्हा अवघड मजकुराचे आकलन कमी झाले. मात्र ओठ हलत असतील तर ते थांबवावेत.

सरावाचे दोन भाग ठेवले आहेत. पहिला, पुनर्वाचन: ४००-५०० शब्दांचा उतारा तीनदा, दरवेळी थोड्या कमी वेळात. तिसऱ्या वाचनाचा आकडा प्रगती म्हणून लिहू नका. तो त्या उताऱ्याचा वेग आहे, तुमचा नाही. प्रगती दिसते ती त्यानंतर लगेच वाचलेल्या नव्या उताऱ्यावर. दुसरा भाग, रोज वीस-तीस मिनिटे सोपे वाचन, ज्यात शंभर शब्दांत दोनाहून जास्त अनोळखी नसतील. हा भाग रटाळ वाटतो म्हणून लोक गाळतात, आणि मग काही आठवड्यांत वेग जागच्या जागी अडतो. विषय बदलला की वेग खाली येणारच. न्यायालयाचा निकाल वाचताना कादंबरीचा वेग मागू नये. वहीत विषयाचा रकाना त्यासाठीच आहे.

चाळणे वेगळ्या पानावर. त्याला वाचन म्हणायचे नाही, पण वेळ अपुरा असेल तर ते उपयोगी ठरते. जेफ्री डगन आणि स्टीफन पेन यांच्या २००९ च्या प्रयोगांत, मिळालेल्या वेळात अर्धाच मजकूर नीट वाचणाऱ्यांपेक्षा सगळा चाळणाऱ्यांना महत्त्वाचे मुद्दे जास्त आठवले. बारीक तपशिलांत तसा फायदा झाला नाही. आधी तीन प्रश्न लिहा, मग प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य वाचा, आणि उत्तर जिथे असेल तिथे थांबून पूर्ण वाचा.

देवनागरीच्या छपाईकडे अजून पुरेसे लक्ष जात नाही. ह्रस्व इकार व्यंजनाच्या आधी दिसतो आणि नंतर उच्चारला जातो. हिंदी वाचकांवर ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये केलेल्या कामात अशा शब्दांना जास्त वेळ लागलेला दिसतो. वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांच्यासाठी ओळींमध्ये जागा हवी. दाट ओळींत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. पडद्यावर वाचत असाल तर ओळींमधले अंतर आधी वाढवा, अक्षराचा आकार नंतर. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीची पुस्तके चाचणीत घेऊ नका. ‘केलें’, ‘घरांत’ असे अनुस्वार सवय नसलेल्या वाचकाला अडखळवतात, आणि मापन आकलनाचे न राहता छपाईचे होते.

पुढच्या टप्प्यात ओळीची लांबी तपासायची आहे. लांब ओळीच्या शेवटून नजर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला उडी मारते तेव्हा ती अनेकदा अलीकडेच पडते आणि आणखी एक छोटी उडी लागते. एकाच पुस्तकातले, सारख्या अवघडपणाचे सहा उतारे घ्या. तीन पानभर रुंदीत आणि तीन दोन स्तंभांत, आलटून पालटून वाचा. सगळे रुंद आधी आणि सगळे अरुंद नंतर वाचले तर पुस्तकाची सवय झाल्याचे श्रेय स्तंभांना जाईल. वहीत रकाने सहा: उतारा, विषय, रुंदी, अक्षरे, सेकंद, दहापैकी गुण.