जुन्या बाजारातला डायकास्ट रोबोटचा शोध

रविवारी सकाळी पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार गाठला तो डायकास्ट, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून बनवलेला, खेळण्यातला रोबोट शोधायला. मुद्दाम इथे, कारण ऑनलाइन फोटोत रंग दिसतो, सांधे दिसतात. पण धातू किती आणि प्लास्टिक किती, हे हातात घेतल्याशिवाय समजत नाही.

बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी माल भरपूर, गर्दीही तशीच. विक्रेत्याशी निवांत बोलायचं असेल तर बुधवार बरा. गाडी आणू नका. मेट्रोने मंगळवार पेठ आरटीओ किंवा कसबा पेठ स्थानकावर उतरून चालत जाता येतं. सोबत सुटे पैसे, पाण्याची बाटली आणि खिशात एक छोटा लोहचुंबक ठेवा.

खेळण्यांची वेगळी रांग शोधू नका. पान्हे, नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळं, चार्जरचा गुंता असं सगळं एकाच ताडपत्रीवर मांडलेलं असतं आणि खेळणी त्यातच कुठेतरी. ढिगातल्या छोट्या जड वस्तू हलून हलून तळाशी जातात. म्हणून वरच्या प्लास्टिकच्या बाहुल्या हलक्या हाताने बाजूला करून तळ चाचपायचा. आधी विचारा, "मामा, उचकून बघू का?" विचारलं की बहुतेक जण स्वतःच दुसरी पिशवी उघडून दाखवतात.

चुंबकाचं काम इथे. डायकास्ट खेळणी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असतात. झामॅक नावाच्या त्या मिश्रणात सुमारे चार टक्के अॅल्युमिनियम असतं. त्याला चुंबक चिकटत नाही. रोबोटच्या अंगाला चुंबक चिकटला तर तो पत्र्याचा रोबोट. पत्र्याचेही सुंदर असतात, पण तो छंद वेगळा. स्क्रू आणि सांध्यातल्या पिना मात्र पोलादी असतात, तेव्हा चुंबक तिथे लावून निष्कर्ष काढू नका. चुंबक चिकटला नाही तर खेळणं गालाला लावून बघा. चकचकीत मुलामा दिलेलं प्लास्टिक लगेच कोमट वाटतं, धातू थंडच राहतो.

धातूच्या खेळण्यांच्या वजनाची सवय लावली ती जपानी कंपन्यांनी. बांदाईच्या पॉपी या उपकंपनीने १९७४ साली 'चोगोकिन' मालिकेत मॅझिंजर झेड या कार्टूनमधला रोबोट धातूत आणला. १९८२ मध्ये पॉपीचेच मशीन रोबो आले. छोटी गाडी किंवा विमान उलगडून रोबोट व्हायचा. ताकारा या जपानी कंपनीच्या डायक्लोन आणि मायक्रोमॅन मालिकांतली खेळणी घेऊन अमेरिकेच्या हॅसब्रोने १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स बाजारात आणले. त्या सुरुवातीच्या खेळण्यांत धातूचे भाग बरेच होते, पुढे प्लास्टिक वाढत गेलं. बांदाईने १९९७ मध्ये प्रौढ संग्राहकांसाठी 'सोल ऑफ चोगोकिन' सुरू केलं आणि ते वजन परत आलं.

मला मिळाला तो अशाच घडणीचा, गाडीचा रोबोट होणारा. छाती धातूची, हात प्लास्टिकचे, त्यातला डावा गायब. पाठीवर कंपनीचं नाव नव्हतं, म्हणजे नक्कल असणार. तरीही घेतला, कारण सांधे घट्ट होते आणि मूळ रंग शाबूत होता. अडीचशे सांगितले, दीडशेला दिला. पाठीवर साल कोरलेलं असेल तर एवढं लक्षात ठेवा, ते बहुधा डिझाइनच्या हक्काचं साल असतं. खेळणं त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेलं असू शकतं. साल बघून जास्त भाव देऊ नका.

एक गोष्ट मात्र कितीही मोह झाला तरी घेऊ नका: भेगाळलेला, फुगलेला धातू. जस्तात शिशासारखी अशुद्धी राहिली तर मिश्रधातू आतून पोखरला जातो, आणि उष्ण, दमट हवेत हे आणखी वेगाने होतं. आधी केसासारख्या बारीक भेगा दिसतात, मग भाग वाकतो, शेवटी चुरा होतो. यावर उपाय नाही. उडालेला रंग, गंजका स्क्रू, चिकट झालेलं रबर यांना घाबरायचं कारण नाही. भेगा रंगाखालीही असतात, म्हणून उजेडात तिरका धरून कडा नीट बघा.

नव्या स्क्रूसाठी दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानांच्या बोहरी आळीत गेलो. जुना स्क्रू बरोबर नेला, त्यामुळे मापाचं बोलावं लागलं नाही. घरी खोलण्याआधी स्क्रूवर तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा. जपानी स्क्रूंच्या खाचेत साधा फिलिप्स ड्रायव्हर नीट बसत नाही, घसरून खाच खराब होते. जपानी मानकाचं, म्हणजे जेआयएस टोक वापरा. रंग खरवडून नवा देऊ नका, असं माझं ठाम मत आहे. जुन्या रंगावरूनच ओळख पटते, आणि एकदा गेला की तो परत आणता येत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. फोममध्ये गुंडाळून मात्र ठेवू नका, तो विरघळून रंगाला चिकटतो.

नवे मागवायचे तर आयात शुल्काचाही विचार करा. खेळण्यांवरचं शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. म्हणून रविवारी बाजारातून निघताना रोबोट विकणाऱ्या मामांना फोनवर फोटो दाखवून ठेवले. "असं जड काही आलं तर बाजूला ठेवा." ते म्हणाले, "बुधवारी सकाळी लवकर या, माल उतरतानाच बघा."