बसल्या जागी मजल दरमजल

श्रावणात आमच्या मागल्या दारची जांभ्याची पायरी म्हणजे निव्वळ साबण. लग्न होऊन चिपळुणात आले त्याला सव्वीस वर्षं झाली, पायरीचा स्वभाव मला पाठ आहे. तरी तुळशीला पाणी घालून येताना कढईतल्या फोडणीची आठवण झाली आणि घाई केली. डावा घोटा. बारीक फ्रॅक्चर, पाच आठवडे प्लॅस्टर, पाय जमिनीला टेकवायचा नाही. मी बँकेत कॅशला बसते, त्यामुळे बसण्याची सवय दांडगी. पण कुणी बसवून ठेवणं वेगळं.

पहिले तीन दिवस मोबाइल बघण्यात गेले, त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. चौथ्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, कपाटातलं काहीही दे. त्याने खरंच काहीही दिलं. सगळ्यात वर जे आडवं पडलं होतं ते, म्हणजे गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. ही आमच्या अण्णांची, म्हणजे सासऱ्यांची प्रत. बावीस जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा कपाटाचे खालचे तीन खण गेले. त्या लगद्यातून जी दहाबारा पुस्तकं वाचवता आली, त्यातलं हे एक. तेव्हा पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालून आठवडाभर पंख्याखाली ठेवलं होतं. आता ते मूळच्या दुप्पट जाड झालंय, मिटत नाही, आणि प्रत्येक पानावर खालून चार बोटांवर चिखलाची तपकिरी रेघ आहे. पहिल्या पानावर अण्णांनी शाईच्या पेनाने नाव घातलं होतं, त्याचा निळा ढग झालाय. पण समासात पेन्सिलीने जे लिहिलं होतं ते जसंच्या तसं. पेन्सिल पाण्याला दाद देत नाही हे मला पुरानेच शिकवलं.

अण्णा मोजणी खात्यात होते. त्यामुळे समासात त्यांनी काय लिहावं? 'छान', 'हृदयस्पर्शी' वगैरे अजिबात नाही. मुक्काम! वरसई. पुणे. महू. ग्वाल्हेर. पुढे बारीक अक्षरात कुठे किती दिवस, कुठे पायी, कुठे गाडी, दक्षिणा किती.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. वय तिशीच्या आसपास, घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, लाखांनी दानधर्म होणार आहे, अशी बातमी लागली म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. साल १८५७. पुढे काय वाढून ठेवलंय ते आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नव्हतं. पुस्तकाची सगळी जान इथेच आहे. इतिहासाच्या पुस्तकात सत्तावनच्या आधी ढग जमतात, विजा चमकतात. इथे एक कर्जबाजारी भटजी दक्षिणेचा हिशोब मांडत महूपर्यंत येतो आणि वाटेत भेटलेले शिपाई त्याला सांगतात की पुढे गडबड होणार आहे.

तरी हे दोघे पुढे जातातच. परत फिरायचं तर रिकाम्या हाताने, आणि घरी देणेकरी बसलेले.

झाशीच्या वेढ्यात ते शहरात अडकले. गोरे आत शिरल्यावर घराघरांतून माणसं कशी मारली, लूट कशी झाली, याची जी पानं आहेत ती मी दोन बैठकांत वाचली, एका बैठकीत होईना. ते आक्रोश करत नाहीत, आपण कुठे लपलो, काय दिसलं, काय ऐकू आलं ते सांगत जातात. लूटसुद्धा कशी पायरीपायरीने उतरते बघा. आधी सोनंनाणं, ते संपल्यावर भांडीकुंडी, मग कपडालत्ता, मग धान्य. यज्ञाच्या सामानाची यादी करणाऱ्या माणसाची नजर आहे ती.

आणि मग ती विहीर. झाशी सोडून काल्पीच्या बाजूला जाताना रस्त्यात राणी भेटते. पठाणी पोशाख, अंगावर धूळ, तहानेने व्याकूळ. भटजींकडे दोरी आणि मातीचं मडकं. ते पाणी काढायला पुढे होतात तर ती थांबवते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नये, मीच काढते. आणि मडक्यातलं पाणी ओंजळीने पिते. स्वतःला ती अर्ध्या शेर तांदळाची धनीण म्हणवते, म्हणजे एका विधवेला जगायला लागतं किती! आमच्या शाळेच्या पुस्तकात ती घोड्यावर होती, पाठीला मूल बांधलेलं, हातात तलवार. मला यापुढे ती विहिरीच्या काठावर दिसणार.

हे भटजींकडून लिहवून घेतलं चिं. वि. वैद्यांनी, छापून आलं १९०७ साली. पण वैद्यांनी त्यात बराच हात फिरवला होता, काही गाळलं, काही पदरचं घातलं. मूळ मोडी हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली शुद्ध प्रत छापली. तेव्हा विकत घेताना मागे संपादक कोण ते बघा. भाषेची धास्ती घेऊ नका. पहिली वीस पानं जड जातात, मग कानाला सवय होते. मी तर मोठ्याने वाचत होते. शेजारच्या वहिनी खिडकीतून म्हणाल्या, पोथी लावलीय का?

हे पुस्तक संपायच्या आत माझ्या डोक्यात किडा शिरला की प्लॅस्टर असेपर्यंत चालणाऱ्यांचीच पुस्तकं वाचायची. पाय नाही तर नाही.

म्हणून दुसरं काढलं इरावती कर्व्यांचं 'परिपूर्ती'. हा १९४९चा लेखसंग्रह, आणि त्यातला 'वाटचाल' हा पंढरीच्या वारीवरचा लेख. दहावीस पानांचा असेल, पण वारीवर दरवर्षी जे काही लिहिलं जातं त्यातलं बहुतेक या लेखापुढे फिकं आहे. बाई मानववंशशास्त्रज्ञ होत्या, तरी वही घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या नाहीत, दिंडीबरोबर चालल्या. चालताना त्यांना काय खुपलं तर एकच दिंडी, एकच अभंग, पण स्वयंपाक वेगळे. ब्राह्मण एकीकडे, मराठे दुसरीकडे. दिवसभर ज्यांच्या गळ्यात गळा घालून गायलं त्यांच्या पंगतीला रात्री बसायचं नाही. त्या दोन्हीकडे जातात, दोन्हीकडे मैत्रिणी जोडतात आणि हे दुःख लपवत नाहीत. त्याच लेखात त्यांना महाराष्ट्राची नवी व्याख्या सापडते, ज्या देशाचे लोक पंढरीला येतात तो महाराष्ट्र. हे वाक्य भाषणात सगळे वापरतात. वेगळ्या चुलींचं कुणी सांगत नाही.

इथवर आल्यावर मला माझी एक कसोटी सापडली. पायी प्रवासाचं पुस्तक खरं की नुसतं सजवलेलं, हे ओळखायचं तर त्यात माणूस जेवला काय आणि झोपला कुठे ते शोधा. खरं चाललेल्या माणसाला सूर्यास्ताआधी भाकरी आठवते. (आमच्याकडे तेव्हा पाच दिवसांत चौथ्यांदा पिठलं झालं होतं. नवरा करतो ते चांगलंच करतो, पण एकच करतो. त्यामुळे माझं लक्ष जेवणावर जरा जास्त असेल.)

या कसोटीवर गो. नी. दांडेकरांचं 'कुणा एकाची भ्रमणगाथा' पुन्हा वाचलं. नर्मदेची परिक्रमा. मैया उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, मिळेल ते सदावर्त घ्यायचं, 'नर्मदे हर' म्हणून दारात उभं राहायचं. अकरावीत असताना हे पुस्तक मी उशाशी घेऊन झोपायचे. आता पन्नाशीत वाचताना मधे मधे थांबले. भाषा इतकी गोड की दोन प्रकरणांनंतर पाणी प्यावंसं वाटतं. पण नदीकाठचं अंधारातलं चालणं, दिवा दिसतो का म्हणून ताणलेली नजर, कुणा म्हातारीने ताटात टाकलेला तुकडा, हे सगळं अजूनही तसंच अंगावर येतं. गोनीदा पोरवयात घर सोडून पळाले, गाडगेमहाराजांबरोबर राहिले, पुष्कळ पायी हिंडले. ती हकिकत त्यांनी 'स्मरणगाथा'मध्ये सांगितली आहे, त्याला १९७६चं साहित्य अकादमीचं बक्षीस आहे. एकच वाचायचं तर मी आता 'स्मरणगाथा' सांगेन. 'भ्रमणगाथा' अठराव्या वर्षी वाचावं. उशीर झाला असेल तर पावसाळ्यात वाचावं, थोडं थोडं.

व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' मी वाचन म्हणून धरत नाही, ते मी दर दोनतीन वर्षांनी करते, घराला रंग काढतात तसं. पण याच नादात पुन्हा उघडलं आणि लक्षात आलं की त्याची सुरुवातच चालण्याने होते. कोवळा पोरगा मास्तर, पाठीशी घर, पुढे माणदेशातल्या धनगरांची वाडी, पहाटेची वाट. शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरं घेऊन माणसं निघून जातात, वाडी ओस पडते आणि मास्तरही वाटेला लागतो. मधे तालीम बांधण्याची ती सगळी धमाल, औंधचे राजेसाहेब येतात तो दिवस. माडगूळकर दोन्ही वेळा चालण्याबद्दल फार बोलत नाहीत. येतानाची वाट आणि जातानाची वाट तीच असते, वाचणाऱ्याचे पाय मात्र जड झालेले असतात. तुमच्या घरात दहावी-बारावीतलं कुणी असेल आणि मराठी वाचत नसेल, तर हे द्या. दीडशेच्या आतबाहेर पानं आहेत, कुणी घाबरत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' या यादीत बसतं का, यावर माझा आणि पुण्याच्या लेकीचा फोनवर वाद झाला. ती म्हणाली, आई, त्यात कोण चालतंय? मी म्हटलं, त्यांचे यजमान, टिळक! सदा घराबाहेर. न सांगता उठून जायचे, आणि लक्ष्मीबाई मागून बिऱ्हाड आवरत. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, त्यानंतर काही वर्षं बाई एकट्या आणि मग त्यांच्या मागोमाग. पण खरं सांगायचं तर मला ते वाचायचंच होतं, यादी ही सबब. सुरुवातीचं वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण पुन्हा वाचताना हसून हसून प्लॅस्टर हललं. घरात आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, मीठसुद्धा! हसता हसता कळतं की त्या सोवळ्यामागे सत्तावनच आहे. वडिलांच्या सासऱ्यांना, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या आजोबांना त्या धामधुमीत फाशी झाली होती, त्या धसक्यानंतर हे वेड लागलं. म्हणजे गोडसे भटजींपासून निघाले आणि फिरून तिथेच आले.

म्हणून परत अण्णांची प्रत हातात घेतली. तेव्हा नीट पाहिलं तर पेन्सिलीच्या नोंदी झाशीला थांबतात. 'झाशी' आणि पुढे काही नाही, ना दिवस ना दक्षिणा. मला वाटलं, त्यांनाही पुढे वाचवलं नसेल. नवऱ्याला विचारलं. तो पिठलं ढवळत म्हणाला, छे, तेव्हा मोतीबिंदू झाला होता त्यांना. ऑपरेशननंतर ते रेडिओच ऐकायचे, पुस्तक राहून गेलं.

म्हणजे अण्णांना भटजी घरी पोचले की नाही ते कळलंच नाही. पोचले हो. कमाई लुटली गेली, पण काशीची गंगा कावडीत घालून खांद्यावरून वरसईला आणली, आईवडिलांना तिने न्हाऊ घातलं.

मंगळवारी प्लॅस्टर निघालं. पाय वाळक्या दुधीसारखा दिसतोय. फिजिओथेरपीवाल्या मुलीने रोज दहा मिनिटं चालायला सांगितलंय, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊन येते. मागली पायरी नवऱ्याने ब्लीचिंग पावडर टाकून घासली, तरी मी पुढल्या दाराने उतरते. आणि दुपारी अण्णांच्याच डब्यातली पेन्सिल घेऊन बसते, झाशीच्या खालून. मुक्काम, दिवस, पायी की गाडी. त्यांच्याइतकं बारीक अक्षर मला जमत नाही. फुगलेल्या कागदावर पेन्सिल जरा अडखळते. सध्या काल्पीच्या वाटेवर आहे, विहिरीपाशी.