इंदूर ते पॅरिस, सहा मागांचा हिशोब (माझा अनुभव)

गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ च्या, मी पॅरिसला फॅशनच्या ट्रेड फेअरमध्ये स्टॉल लावून आले. तेव्हापासून आमच्या रामबागेत काय आणि महेश्वरला काय, जो भेटतो तो विचारतो की कसं केलंस, काय काय लागलं, आम्हाला जमेल का. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच ठेवते, निदान माझ्या ज्या चुका झाल्या त्या दुसऱ्या कोणाच्या होऊ नयेत.

आधी आमचं काम सांगते. महेश्वरला सहा माग आमच्यासाठी चालतात, इंदूरहून नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, आठवड्याला माझी एक फेरी ठरलेली. पूर्वी फक्त साड्या विणून घ्यायचो आणि प्रदर्शनांत विकायचो, मग स्टोल आणि दुपट्टे सुरू केले. विणकरांमधले जे सगळ्यात मोठे आहेत त्यांना आमच्या घरातले सगळेच चाचा म्हणतात. महेश्वरी म्हणजे ताणा (मागावर चढवलेले उभे धागे) रेशमाचा, बाणा (विणताना घालतो ते आडवे धागे) सुताचा, हाताला अगदी हलकी, आणि काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. साडीत हे कोणी उलटून बघत नाही पण स्टोलला त्याची खरी किंमत आहे, कारण स्टोल गळ्यात फिरतो, त्याची मागची बाजू चारचौघांना दिसते.

हँडलूम एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिल म्हणून एक संस्था आहे, १९६५ पासूनची, मुख्य ऑफिस चेन्नईला. तिचं सदस्यत्व घेतलं की आरसीएमसी, म्हणजे नोंदणी-सदस्यत्वाचं प्रमाणपत्र, मिळतं आणि मग परदेशातल्या फेअरची सर्क्युलर यायला लागतात. आम्ही ग्रुपमधून गेलो त्यामुळे स्टॉलचं भाडं एकटीने जाण्यापेक्षा पुष्कळ कमी पडलं. ज्यांना विचार करायचाय त्यांनी सुरुवात इथूनच करावी, एजंटकडे जाऊ नये, माझं स्पष्ट मत आहे.

आता माझी पहिली चूक. माझं आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, कधीचा काढलेला होता आणि मला वाटायचं एकदा काढला म्हणजे संपलं. तसं नाहीये. दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये डीजीएफटी, म्हणजे परदेश व्यापाराच्या सरकारी खात्याच्या साइटवर जाऊन तो अपडेट करावा लागतो, काही बदललं नसलं तरी, नाही केला तर बंद होतो. माझा बंद झालेला मला कळला जुलैत, जेव्हा कागद पुन्हा एकदा मागवले गेले. साइटवर अपडेट केल्यावर परत चालू झाला पण ते दोन दिवस मला जेवण गेलं नाही कारण स्टॉलचे पैसे भरून झालेले होते. तसंच जीएसटीचं एलयूटी, म्हणजे हमीपत्र, आरएफडी-११ फॉर्म, ते पण दर आर्थिक वर्षाला नव्याने भरायचं, म्हणजे निर्यातीच्या मालावर आधी टॅक्स भरून नंतर परत मागत बसावं लागत नाही. या दोन तारखा मी आता कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिते.

दुसरी गोष्ट रंगांची, आणि इथे मला खरंच खूप वाईट वाटलं. युरोपात काही अझो रंगांवर (हा कृत्रिम रंगांचा एक प्रकार) बंदी आहे, त्यातून जी अमाइन्स नावाची घातक रसायनं निघतात ती किलोला ३० मिलीग्रॅमच्या वर चालत नाहीत. ज्यांच्याकडून आम्ही वर्षानुवर्षं सूत रंगवून घेतो त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं की सगळे रंग अझो-फ्री आहेत. मी तरी सात रंगांचे तुकडे लॅबला पाठवले. सहा पास झाले, राणी रंग नापास. माझा सगळ्यात सुंदर रंग, त्याचे अठरा स्टोल तयार होते, विणकरांनी रात्री जागून केलेले. ते सगळे काढून ठेवले. विश्वास ठेवणाऱ्याला असं सांगू नये, एवढंच मी त्या रंगाऱ्यांना म्हटलं, आणि तो रंग आता दुसरीकडून करून घेते, रिपोर्टसकट.

त्याच लॅबमधून धाग्यांचं प्रमाणही काढून घेतलं, आणि हे मात्र फार कामाला आलं. आपण सहज म्हणतो सिल्क-कॉटन. पण तिकडे लेबलवर कुठला धागा किती टक्के हे लिहावंच लागतं. आमच्या स्टोलमध्ये रेशीम बारीक आणि सूत जाड, त्यामुळे वजनात जवळपास दोन भाग कापूस आणि एक भाग रेशीम निघालं. आणि कस्टमचा कोड पण वजनाने जो धागा जास्त त्याच्यावरून ठरतो. स्टोल-स्कार्फचा कोड ६२१४, त्यात रेशमाचा वेगळा, आणि आमच्या कागदांवर रेशमाचा टाकला होता. लॅबचा रिपोर्ट दाखवून तो बदलून घेतला. कोणी म्हणेल एवढ्याशा आकड्याने काय होतं, पण माल त्याच आकड्यावर अडकतो.

व्हिसासाठी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागले, फी ९० युरो, ते सोपं गेलं. सॅम्पल नेण्यासाठी मी एटीए कारने घेतलं, आपल्याकडे ते फिक्की ही उद्योजकांची संस्था देते. मालाचा पासपोर्टच म्हणा ना. तात्पुरता माल नेताय, परत आणणार आहात, म्हणून तिकडे ड्यूटी लागत नाही, पण त्याच्यासाठी हमी द्यावी लागते आणि लिस्टमधला एकेक तुकडा परत यावा लागतो. प्रत्येक ठिकाणी शिक्का पाहिजे, निघताना मुंबईत, पोचल्यावर पॅरिसला, परत निघताना पुन्हा पॅरिसला, आणि आल्यावर मुंबईत. ग्रुपमधले एक दादा निघताना घाईत मुंबईचा शिक्का विसरले, त्यांना तिकडे फार मनस्ताप झाला. विमानतळावर नेहमीपेक्षा दोन तास तरी आधी जा.

आणि आता ज्याच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसले ते. जायच्या आठ दिवस आधी मी चाचांकडे गेले होते, किंमती काढायच्या होत्या. मी विचारलं एका स्टोलला किती पडेल. ते म्हणाले, "बेटी, दाम बाद में, पहले दिन गिन लो." आणि मला वहीत लिहायला लावलं. साधा स्टोल एका मागावर दिवसाला दोन. बुट्टीचा असेल तर एकच. एका ताण्यात सव्वीस स्टोल निघतात. ताणा रंगवून, तयार करून मागावर चढवायला आमच्याकडे आठ-दहा दिवस, आणि त्यात पाऊस असला तर सूत वाळत नाही. सहापैकी तीन माग साड्यांना लागतातच, दिवाळी-लग्नसराईचा माल कोणी थांबवणार नाही. म्हणजे माझ्याकडे विकायला तीन माग आहेत आणि त्यांचे दिवस. ते एक पान मी पर्समध्ये ठेवलं होतं. फेअरच्या तीन दिवसांत ते मी किती वेळा उघडून बघितलं सांगता येत नाही.

फेअर होतं पॅरिसच्या पोर्त द व्हर्साय प्रदर्शन केंद्रात, मेट्रोतून उतरलं की समोरच. आमचा स्टॉल ९ चौरस मीटरचा. पहिल्या दिवशी मी इंदूरच्या प्रदर्शनात मांडते तसंच मांडलं, टेबलावर घड्यांच्या थप्प्या, मागे साड्या पसरलेल्या, एका कोपऱ्यात अहिल्यादेवींचा फोटो, त्यांच्या जन्माला त्याच वर्षी ३०० वर्षं झाली आणि त्यांच्या महेश्वरचं कापड घेऊन मी आले होते, तो फोटो मला पाहिजेच होता. लोक समोरून जात होते, बघत होते, आत कोणी येत नव्हतं. दुपारपर्यंत चार कार्डं. समोरच्या स्टॉलवर पोर्तुगालची एक मुलगी होती, तिच्याकडे मोजून दहा-बारा कपडे टांगलेले आणि गर्दी हटत नव्हती. संध्याकाळी मी माझ्या लेकीला व्हिडिओ कॉलवर स्टॉल दाखवला, ती म्हणाली, "आई, काय बघायचं तेच कळत नाहीये गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन सगळ्या थप्प्या पेटीत टाकल्या. चौदाच स्टोल ठेवले, दांडीला टांगून, एका बाजूला करड्या ताण्याचे आणि दुसऱ्या बाजूला विटकरी ताण्याचे. मध्ये महेश्वरच्या किल्ल्याच्या दगडी भिंतीवरच्या नक्षीचा एक मोठा फोटो आणि त्याच्या शेजारी तीच नक्षी काठावर असलेला स्टोल. बस. आणि लोक आत यायला लागले, काठाला हात लावायचे, मग फोटोकडे बघायचे, मग पुन्हा काठाकडे.

साडेअकराच्या सुमाराला बेल्जियमच्या एक बाई आल्या, साठीच्या असतील, त्यांची तीन दुकानं आहेत. त्यांनी आधी काठ उलटून बघितला, मागे धागे सुटलेले आहेत का, मग दुसऱ्या टोकापर्यंत तसंच बोट फिरवत नेलं. मग म्हणाल्या मला आठ शेड पाहिजेत, प्रत्येकी थोडे थोडे. साधारण असं विचारलं की आपण लगेच हो म्हणतो. पण माझ्या डोक्यात चाचांचं पान. आठ शेड म्हणजे आठ ताणे, आठ सव्वीस दोनशे आठ स्टोल, आणि त्यांना तर प्रत्येकी दहा-पंधराच पाहिजेत. मग मी दोन स्टोल काढले, एक हळदी दिसणारा आणि एक निळा दिसणारा, आणि दोघांचे गोंडे त्यांच्या तळहातावर ठेवले. गोंडे म्हणजे ताण्याचेच सुटे धागे. दोन्ही करडे. त्या बघतच राहिल्या. ताणा एकच आहे, फक्त बाणा बदलला, म्हणून उजेडात हलवलं की एकात दोन रंग दिसतात, आपण धूपछांव म्हणतो ते. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की तुम्ही ताण्याचे दोन रंग निवडा, बाण्याचे चार-चार, तुमच्या आठ शेड होतील आणि माझा एकही ताणा अर्धा राहणार नाही. त्यांनी स्वतःच्या वहीत त्याचं चित्र काढून घेतलं.

मग म्हणाल्या ३०० नग, १५ ऑक्टोबरला पोचले पाहिजेत. आता सांगा, समोर पहिली मोठी ऑर्डर, आणि मला नाही म्हणायचं होतं. हात थरथरत होते खरंच. मी पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं, तीन माग, दिवसाला सहा स्टोल, ताण्याचे दिवस, मधे दिवाळी, तेव्हा आठवडाभर कोणी मागावर बसणार नाही. १०४ नग, म्हणजे चार ताणे, देईन आणि नोव्हेंबरच्या शेवटी देईन, म्हटलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग विचारलं की मागावर बसणारी ही माणसं कोण आहेत, त्यांना या किमतीत किती मिळतात. तेही मी पानावरच लिहिलेलं होतं. संध्याकाळी परत आल्या आणि १०४ ची ऑर्डर दिली. किमतीत घासाघीस केली नाही, उलट त्यांनीच सांगितलं की दुकानात ते आमच्या किमतीच्या अडीच पट लावतात, त्यामुळे मी किंमत ठरवताना तो आकडा डोक्यात ठेवावा.

बाकीचं पटकन सांगते. अमेरिकेच्या दोघी-तिघींना माल फार आवडला होता पण २७ ऑगस्टपासून अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के ड्यूटी लावली होती, त्या हळहळून गेल्या, त्यांच्या हातात काही नव्हतं आणि माझ्याही. पॉवरलूमचा तर नाही ना हे खूप जणांनी विचारलं, तेव्हा हँडलूम मार्कचा टॅग, म्हणजे कापड हातमागाचंच असल्याची सरकारी खूण, आणि मोबाइलमधला मागाचा व्हिडिओ, दोन्ही दाखवत होते, टॅगवरच्या शिक्क्यापेक्षा माग चालतानाचा आवाज लोकांना जास्त पटतो. शेवटच्या दिवशी चार वाजल्यानंतर लोक सॅम्पल विकत मागतात, रोख पैसे पुढे करतात, मोह होतो पण कारनेवरचा माल विकता येत नाही, मी एकही दिला नाही आणि मुंबईला सगळे तुकडे मोजून शिक्का मारून घेतला तेव्हा कुठे सुटल्यासारखं वाटलं.

आल्यावर पन्नास टक्के ॲडव्हान्स बँकेत जमा होईपर्यंत सूत घेतलं नाही, आमच्या ह्यांनी बजावलं होतं म्हणून, आणि ते बरोबर होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात करडा ताणा चढला. चाचांनी पहिला स्टोल मागावरून उतरवला तेव्हा गोंडे बांधायच्या आधी मला हातात दिला आणि "गिन लिया था ना?" एवढंच विचारलं. १०४ चे १०४, २६ नोव्हेंबरला इंदूरहून निघाले.

परवा त्या बाईंची मेल आली. करड्यावर हळदी आणि करड्यावर धानी, दोन्ही संपले, अजून ५२ पाहिजेत. म्हणजे बरोबर दोन ताणे. धानीचं सूत रंगून आलंय, लॅबचा रिपोर्टही आलाय, उद्या सकाळी सहाला गाडी काढायची म्हणजे भेरूघाटात ट्रकांच्या आधी पार होऊ.