न मोजलेले सतरा थेंब

त्या रात्री माझ्या गणवेशाच्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चच्या मंडळीतील भगिनींच्या सभेत मला प्रभू येशूने सांगितलेल्या पहिल्या आज्ञेवर, म्हणजे देवावर संपूर्ण अंतःकरणाने, जिवाने, बुद्धीने व शक्तीने प्रीती कर या आज्ञेवर, बोलायचे होते, आणि त्या संदेशाची टिपणे रात्रपाळीत सवड मिळेल तशी पुरी करावीत असे मी ठरवले होते. कागदावर एकाखाली एक चार शब्द लिहिले होते: अंतःकरण, जीव, बुद्धी, शक्ती. बायबलच्या जुन्या करारात ही आज्ञा प्रथम येते त्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मन, जीव आणि शक्ती असे तीनच शब्द येतात. नव्या करारातील मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू तीच आज्ञा उच्चारतो तेव्हा त्यांत बुद्धीची भर पडलेली दिसते. जुन्या कराराच्या मूळ हिब्रूत मनासाठी असलेल्या ‘लेव’ या शब्दात भावना आणि विचार दोन्ही सामावलेले असतात, त्यामुळे बुद्धी तेथेही होतीच, हे मी वाचून ठेवले होते. अंतःकरणापुढे मी उपासना लिहिले होते, जिवापुढे मरणापर्यंतचा विश्वासूपणा, शक्तीपुढे सेवा. बुद्धीपुढे फक्त ‘वचनाचा अभ्यास’ असे लिहून मी अडले होते.

वॉर्ड भरलेला होता, पण रात्र तशी शांत होती. खिडकीजवळच्या खाटेवर एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांचे हृदय दुर्बल होते, म्हणून त्यांना सलाइन अगदी सावकाश द्यायचे होते: पाचशे मिलिलिटरची एक बाटली दहा तासांत, म्हणजे तासाला पन्नास मिलिलिटर. आमच्या नळीतून वीस थेंबांना एक मिलिलिटर जाते, तेव्हा हिशेबाने मिनिटाला सुमारे १७ थेंब. एक वाजता मी बाटली लावली, घड्याळ डोळ्यांसमोर धरून पूर्ण एक मिनिट थेंब मोजले आणि तक्त्यावर १७ हा आकडा लिहिला.

पावणेतीन वाजता फेरी मारताना पाहिले, तर थेंब फारच हळू पडत होते. मी थेंबांचा वेग कमी-जास्त करणारे नळीवरचे चाक थोडे सैल केले, तरी वेग येईना, म्हणून आणखी सैल केले. थेंब बऱ्यापैकी पडू लागले असे वाटले. त्यांचा हात पांघरुणाखाली कोपरात दुमडलेला होता आणि सुई कोपराजवळच होती, हे मी पाहिले नाही. पांघरूण बाजूला सारायला दोन क्षण लागले असते. मी थेंबही मोजले नाहीत. तक्त्यावर मात्र तीनच्या रकान्यात १७ लिहिले आणि टेबलाशी जाऊन खिशातला कागद उलगडला.

त्या वेळी माझे मन कोठे होते हे मला नीट आठवते. मी देवाच्या जवळ आहे असे मला वाटत होते. मार्काच्या त्याच उताऱ्यात प्रभूला प्रश्न विचारणारा शास्त्री, म्हणजे यहुदी नियमशास्त्राचा जाणकार, म्हणतो की देवावर संपूर्ण अंतःकरणाने प्रीती करणे आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करणे हे सगळ्या होमांहून व यज्ञांहून अधिक आहे, आणि तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस असे प्रभू त्याला सांगतो. या वाक्यावर मी थांबले होते, डोळे मिटून प्रार्थना करीत होते, आणि ती प्रार्थना खरी होती. तिला खोटी म्हणणे मला आजही जमणार नाही.

चार वाजून गेल्यावर शेजारच्या खाटेवरच्या माणसाने हाक मारली. मी धावत गेले. आजोबा उठून बसण्याची धडपड करीत होते, ओठ काळसर पडले होते, आणि श्वासाबरोबर छातीतून पाण्यात बुडबुडे फुटावेत तसा आवाज येत होता. झोपेत त्यांनी हात सरळ केला होता. दुमडलेल्या कोपरामुळे अडलेली वाट मोकळी झाली होती, आणि मी सैल करून ठेवलेल्या चाकातून थेंबांची धारच लागली होती. बाटली जवळजवळ रिकामी होती.

चाक बंद केले, खाटेची डोक्याकडची बाजू उचलली, त्यांना टेकवून बसवून पाय खाली सोडले, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावले. डॉक्टरांनी फुप्फुसे तपासली आणि लघवी होऊन अंगातले पाणी उतरावे म्हणून फ्युरोसेमाइडचे इंजेक्शन शिरेतून दिले. पुढचा तासभर मी त्यांच्या पाठीला हात लावून उभी होते. सहा वाजण्याच्या सुमारास श्वास हळूहळू खाली बसला.

खरी कसोटी त्यानंतर आली. डॉक्टरांनी विचारले, “एवढे सलाइन एकदम कसे गेले?” माझ्या जिभेवर उत्तर तयार होते: पेशंटने हात हलवला. ते खोटे नव्हते, आणि तक्त्यावरचा १७ हा आकडा माझ्या बाजूने साक्ष द्यायला हजर होता. कोणी पुढे काही विचारलेही नसते. पण तो आकडा म्हणजे मी स्वतःच्या अक्षरात लिहिलेले असत्य होते, आणि ज्या खिशात पेन होते त्याच खिशात ती आज्ञाही होती. मी म्हणाले, “तीन वाजता मी थेंब मोजले नाहीत. हात दुमडलेला आहे हे न पाहता चाक सैल केले, आणि न मोजताच आकडा लिहिला.” मग घटनेचा अहवाल भरताना तेच वाक्य शब्दशः लिहिले. तक्त्यावरचा आकडा पुसला नाही. त्यावर एक रेघ मारून पुढे ‘मोजले नाही’ असे लिहिले व सही केली.

लिहिताना हात थरथरत होता, आणि मनात एकच गोष्ट घोळत होती. ती आज्ञा ‘प्रीती कर’ या शब्दांनी सुरू होत नाही. आधी ‘हे इस्राएला, ऐक’ असे येते आणि परमेश्वर एकच आहे असे सांगितले जाते. हे वाक्य मी टिपणात प्रस्तावना समजून गाळले होते. परमेश्वर एकच आहे, म्हणूनच प्रीती वाटून देता येत नाही. मी मात्र वाटणी केली होती: कागद देवाचा आणि चाक रुग्णालयाचे. अनुवादाच्या त्याच अध्यायात पुढे घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना या वचनांविषयी बोलत राहा असे सांगितले आहे. यात न येणारा दिवसाचा कोणता भाग उरतो? बुद्धीपुढची माझी ओळ रिकामी राहिली होती, कारण घड्याळाच्या काट्याकडे पाहत एक ते सतरा मोजणे हीही बुद्धीने केलेली प्रीती असू शकते हे मला सुचलेच नव्हते. नव्या करारातील कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात, जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, असे म्हटले आहे. ते राबणाऱ्या दासांना उद्देशून लिहिलेले आहे, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा महत्त्वाचे वाटले.

पाळी संपल्यावर, डॉक्टरांना विचारून, मी आजोबांपाशी गेले आणि झाले ते सगळे सांगितले. त्यांनी मान फिरवली. थोड्या वेळाने म्हणाले, “मी मेलो असतो.” मी म्हणाले, “हो, तसे होऊ शकले असते.” क्षमा मागितली. ते काही बोलले नाहीत. माझ्या हातून औषध घ्यायचे नाही असे मात्र त्यांनी दुसऱ्या सिस्टरला सांगितले. त्यांचा तो हक्क होता. क्षमा मागितली म्हणून ती मिळालीच पाहिजे असे थोडेच असते, पण मला वाईट वाटले हे खरे.

संध्याकाळी सभेत मी बोलले. टिपणे बाजूला ठेवली आणि रात्री काय झाले ते सांगितले. काही भगिनींना ते प्रार्थनेविरुद्ध बोलल्यासारखे वाटले. तसा माझा हेतू मुळीच नव्हता. मी अजूनही रोज पहाटे प्रार्थनेला बसते, फक्त पाळीवर असताना आधी प्रत्येक खाटेपाशी जाऊन येते, आणि ते जाणे प्रार्थनेच्या आधीचे काम आहे असे आता मला वाटत नाही.

तिसऱ्या रात्री दुसऱ्या सिस्टर रजेवर होत्या, त्यामुळे आजोबांकडे मलाच जावे लागले. त्यांच्यासाठी पुन्हा तीच सावकाश बाटली सांगितली होती. मी आधी परवानगी विचारली. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि हात पुढे केला. पांघरूण सारून कोपर सरळ आहे ना ते मी पाहिले, फळी बांधली, चाक फिरवले आणि घड्याळ वर धरले. तेही थेंबांकडे पाहत होते. ओठ हलत होते. मिनिट पुरे झाल्यावर ते म्हणाले, “अठरा झाले, सिस्टर.”

माझेही अठराच भरले होते. मी चाक किंचित आवळले आणि आम्ही दोघांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.