इळी कुठं ठेवू?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या स्वयंपाकघराचा ओटा फोडला. चाळीसेक वर्षांचा कडप्पा, मधोमध तडा गेलेला, त्या तड्यातनं झुरळं वर यायची. मिस्त्री म्हणाला आठ दिवसांचं काम आहे ताई. मिस्त्रीचे आठ दिवस म्हणजे किती ते घर बांधलेल्या कुणालाही विचारा, आमचे सव्वीस झाले. तोवर संसार हॉलमधे, टीव्हीच्या जागेवर शेगडी, सोफ्यावर डबे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बसायला पाट.

भांडी खोक्यात भरताना मी फार शहाणपणा केला होता. प्रत्येक खोक्यावर मार्करनं लिहिलं – ‘रोजचं’, ‘सणाचं’, ‘कधीतरी’ आणि एकावर नुसतंच ‘इतर’. रोजच्या खोक्यात मिक्सर, त्याची तिन्ही भांडी, दोरी ओढायचा चॉपर, नॉनस्टिक पॅन, मुलीनं पाठवलेले मापाचे कप. म्हटलं एवढ्यावर महिना निघंल. पहिल्याच संध्याकाळी दूध वर आलं आणि पातेलं उतरवायला पक्कड नाही! पक्कड ‘इतर’मधे. ‘इतर’ सगळ्यात खाली, त्याच्यावर ‘सणाचं’, त्याच्यावर पुरणयंत्र आणि सोऱ्या. पदरानं धरायला गेले, पदर भाजला, दूध निम्मं फरशीवर, आणि हे दारातनं म्हणतात, काय झालं गं. काय व्हायचंय.

तेव्हा लक्षात आलं की आपल्याला रोज काय लागतं ते आपल्याला माहीतच नसतं, हाताला माहीत असतं. हात न बघता जिथं जातो ती वस्तू कधी यादीत येत नाही. त्या सव्वीस दिवसांत रोजचं खोकं तसंच राहिलं आणि ‘इतर’ मात्र चौथ्या दिवशी पार रिकामं झालं – पक्कड, उलथनं, फोडणीची पळी, चहाची गाळणी, धान्य मोजायचं चिपटं, इळी म्हणजे विळी. सगळं मिळून हजार रुपयांचाही माल नसेल.

पक्कड तर आमच्याकडं जास्तच लागते कारण तव्याचा एक कान तुटलाय. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा तवा, माझ्या मामानं दिलेला. मामा इथं बेळगावात, उद्यमबागेतल्या कारखान्यांत, फौंड्रीत होता, तिथं पंपांचं नाहीतर गाड्यांचं कास्टिंग चालायचं, पण घरचं म्हणून त्यानं कुणाकडनं तरी हा तवा ओतून घेतला होता. (बेळगावला हे लोखंडाचं वेड जुनंच, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते इथंच, मग १९१० मधे ते किर्लोस्करवाडीला गेले, गावात त्यांच्या नावाचा रस्ता तेवढा राहिला.) बिड पडलं तर वाकत नाही, फुटतं. आमच्या थोरल्यानं लहानपणी हा तवा पायरीवर आपटला आणि कान गेला, तवा वाचला. तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की दहा भाकऱ्या एकसारख्या. नॉनस्टिकवर भाकरी करून बघितली होती एकदा, भाकरीला पाहिजे तेवढा जाळ त्या पॅनला सोसत नाही, २६० डिग्रीच्या पुढं त्याचा थर खराब व्हायला लागतो म्हणतात. सोसवला तर मग आपल्याच जेवणात काळे कण. दोन पॅन असे घालवल्यावर मी शहाणी झाले.

मिस्त्रीच्या हाताखालची माणसं बैलहोंगलकडची, कन्नड बोलणारी होती. दुपारी डबा उघडायची, जोळद रोट्टी म्हणजे ज्वारीची भाकरी, वर शेंगा चटणी, कधी रंजका, म्हणजे मिरचीची चटणी. एक दिवस त्यांच्यातली एक बाई म्हणाली, हसीमेणसिनकाई ऐतेनरी अक्का, म्हणजे हिरवी मिरची आहे काय. म्हटलं थांब खर्डा करून देते. मिरच्या त्याच तव्यावर तेलात परतल्या, साल काढलेला लसूण, मूठभर शेंगदाणे, जाडं मीठ, आणि मग तांब्याच्या बुडानं तव्यातच रगडायला सुरुवात केली. ती बघत राहिली. ‘मिक्सर इल्लेनरी?’ मिक्सर नाही काय?

‘ऐतरी, डब्ब्याग ऐत.’ आहे, खोक्यात आहे.

ती हसली आणि म्हणाली आमची अव्वापण, म्हणजे आईपण, तंबिगीनंच करते. (तांब्याला ते तंबिगी म्हणतात, लाटण्याला लट्टणिगी, इळीला ईळिगी. आमच्या गल्लीत कोण कुठल्या भाषेत काय मागतंय इकडं कुणाचं लक्ष नसतं, वस्तू परत आली म्हणजे झालं.) आता ह्या तांब्याचं सांगते. मिक्सर मिरची कापतो, बारीक बारीक कापतो, आणि शेवटी फिरंना म्हणून पाणी घालावं लागतं, मग तो खर्डा नाही, हिरवं पाणी होतं. तांब्या मिरची फाडतो. मनगट थोडं तिरकं करून दाबायचं आणि फिरवायचं, शेंगदाण्याचा एखादा अर्धा तुकडा तसाच राहिला पाहिजे, बिया दिसल्या पाहिजेत. तवा गरम असतानाच करायचं, निवल्यावर मिरचीचं साल चिवट होतं. खाटखाट आवाज येतो, ठसका लागतो, घरातले सगळे शिंकतात, आणि तव्याला जे चिकटून राहतं ते भाकरीच्या तुकड्यानं पुसून जी करते तिनं खायचं. हा नियम आमच्या आईचा.

भाकरीला मात्र तसं काहीच लागत नाही, परात आणि हात. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, लाटायला गेलं की फाटतं, म्हणून उकळतं पाणी घालायचं आणि तळहातानं मळत राहायचं. बेळगावचे मांडे करणाऱ्या बायका तर त्याच्याही पुढच्या, त्या लाटी हातांवर घेऊन कोपरापर्यंत पसरवत नेतात आणि उपड्या भांड्यावर टाकतात. माझा एकदा करायचा प्रयत्न झाला, त्याबद्दल मी बोलणार नाही.

कुकरबद्दल मात्र बोललं पाहिजे, कारण हॉलमधे शेगडी आल्यावर शिट्टीनं टीव्हीच्या बातम्या बुडायला लागल्या आणि घरात प्रश्न निघाला की कुकर लागतोच कशाला, आज्जी करत नव्हती काय पातेल्यात. आमच्या सासूबाई वेंगुर्ल्याच्या, लग्न होऊन आंबोली घाटानं वर आल्या, आणि पुढं कित्येक वर्षं सांगायच्या की तुमच्या बेळगावची डाळ शिजत नाही मेली, दुकानदार जुनी डाळ घालतो. दुकानं बदलून झाली. मग माझे दीर, ते शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यांनी सांगितलं की वैनी, आपण समुद्रापासून अडीच हजार फूट वर आहोत जवळजवळ, इथं पाणी शंभर डिग्रीला नाही, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवलाच उकळतं, त्याच्यावर ते पाणी चढतच नाही कितीही जाळ करा. कुकरात वाफ कोंडली की १२१ डिग्रीपर्यंत जातं. सासूबाईंना ते पटलं नाही. दोन-तीन डिग्रीनं एवढं काय होतंय, विहिरीचं पाणीच जड म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही थोडं बरोबर असेल. पण पहिला कुकर आला त्यादिवशी त्यांनी डाळ बोटानं चेपून बघितली, परत चेपून बघितली, आणि वेंगुर्ल्याला पत्र लिहायला बसल्या.

एवढं मात्र आहे की शिट्ट्या मोजायची सवय चुकीची. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा आणि घड्याळ बघायचं, मग बातम्याही ऐकू येतात.

चिपटं हे सासूबाईंचंच, पितळेचं, काठावर चेपलेलं. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे आता गावाकडं भात मळून आल्यावरच ऐकू येतं. पण मला तांदूळ दुसऱ्या कशानं मोजताच येत नाही. एक चिपटं भरून आणि वर एक मूठ, पाहुणे असले तर दोन चिपटी सपाट. मुलीनं ते मापाचे कप पाठवले तेव्हा मी एकदा प्रामाणिकपणे वापरून बघितले, भात इतका उरला की दोन दिवस फोडणीचा भात, तिसऱ्या दिवशी ह्यांनी ताट सरकवून ठेवलं.

किसणी, चाळण, खलबत्ता ह्यांच्यावर सांगण्यासारखं काही नाही. आहेत, चालतात.

खरं भांडण झालं ते इळीवरनं. एकविसाव्या दिवशी सुतार आला, मॉड्युलरचे ड्रॉवर बसवायला. चमच्यांना वेगळा खण, काट्याला वेगळा (काटे आमच्याकडं दोन, दोन्ही नूडल्सच्या वेळी हरवतात), सुऱ्यांना खाच असलेला लाकडी ठोकळा. म्हटलं भाऊ, आणि ही? त्यानं इळी हातात घेतली, पातं उघडलं, मिटलं, ड्रॉवरमधे घालून बघितली. पाटाच्या जाडीनं ड्रॉवर बंद होईना. ‘आता कोण वापरतंय ताई ह्ये, टाकून द्या की. सुरी वापरा.’

मी त्याला समजवायला बसले नाही पण मनात किती आलं. सुरीत एक हात सुरीलाच जातो. इळीत पातं उभं, पाट पायाखाली दाबलेला, दोन्ही हात मोकळे, भाजी आपणच पात्याकडं न्यायची. मेथीची जुडी, गवार, कोथिंबीर, एका मुठीत जेवढं मावतं तेवढं एका दमात. टोकाला खवणी आहे, नारळासाठी वेगळं काही नको. सासूबाईंची माशांची इळी वेगळी असायची, ती परड्यात, भाजीच्या इळीला बांगडा लागला तर घरात महाभारत. धार लावणारा येतो तो म्हणतो असलं पातं आता मिळत नाही, हे तो प्रत्येक घरी म्हणत असणार, तरी मला बरं वाटतं.

गंमत अशी की मला आता खाली बसताच येत नाही. गुडघे. डॉक्टरांनी मांडी घालायची नाही म्हणून सांगितलंय. त्यामुळं मी इळी टेबलावर ठेवते, पाटाच्या टोकावर डावा कोपर दाबते आणि उभ्यानं चिरते, बघणाऱ्याला वाटावं ही बाई टेबलाशी कुस्ती करूलालीय. मुलगा म्हणतो आई एक दिवस बोट जाणार तुझं. आजवर गेलं ते त्या चॉपरच्या पात्यावर, धुताना, तीन टाके पडले, त्याचं कुणी नाव काढत नाही.

ओटा झाला, काळा ग्रॅनाइट, हात पुसला की आरसा. खोकी उघडली. ‘रोजचं’ आणि ‘कधीतरी’ अजून माळ्यावर आहेत, बघू दिवाळीला. इळी सिलिंडर आणि भिंतीच्या मधे फडक्यात गुंडाळून ठेवली होती, मोलकरणीच्या केरसुणीत अडकायची, दर चार दिवसांनी मी नवी जागा शोधायची. फ्रिजवर ठेवली तर ह्यांच्या डोक्यावर पडली असती. देवघराखाली ठेवली तर सुनेला बरं वाटंना.

औंदा मे महिन्यात समोरच्या अक्कांकडं खानापूरहून त्यांच्या मेव्हण्यांनी दोन फणस पाठवले. दारात आल्या, हाताला तेल चोपडलेलं. ‘ईळिगी कोडतीरेनरी?’ इळी देता काय? त्यांचंपण स्वयंपाकघर मागच्याच वर्षी मॉड्युलर झालंय, त्यांची इळी भंगारात गेली. दिली. फणस संपला तरी इळी तिकडंच, मग कुणाच्या तरी बारशाला गेली, मग परत त्यांच्याकडं आली. आता मला मेथी चिरायची असली की मीच जुडी घेऊन समोर जाते. त्यांच्या टेबलाची उंची माझ्या कोपराला बरोबर बसते.